बाळाला दाणे, अंडं, तीळ कधी आणि किती? पालकवर्गात नेमकं काय शिकवावं

आहारविहार

उष्टावणाच्या आधी आईवडिलांसाठी जो वर्ग असतो, त्यात अ‍ॅलर्जीच्या पदार्थांसाठी वेगळा अर्धा तास ठेवायचा आहे. वर्गाला निम्मे पालक इथले असतात, निम्मे परदेशातून ऑनलाइन बसतात. पत्रकाचा मसुदा सध्या तीन ओळींचा आहे:

- बाळ बसायला आणि चमच्यातलं गिळायला तयार झालं, म्हणजे साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास (चार महिन्यांच्या आत मुळीच नाही), वरच्या अन्नाबरोबर दाणे, अंडं, गहू, तीळ, दही, मासे हेही सुरू करा. पहिल्या वाढदिवसाची वाट पाहू नका.
- नवा पदार्थ एका वेळी एकच.
- मानवला तर थांबवू नका.

आता अडचण अशी की ‘थोडं द्या, नियमित द्या’ एवढ्यावर कोणी काही करत नाही. थोडं म्हणजे बोट चाटवणं, की चमचा, की वाटी? जाणकारांनी मापांसकट लिहावं. आणि ‘तीन वर्षं दाणे नकोत, आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं’ असं आजी म्हणाल्या तर त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही सांगा.

कूटप्रश्न

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या खोटं बोलत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली घराण्यात अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी सल्ला दिला होता: गाईचं दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, दाणे आणि मासे तीन वर्षांनंतर. तो सल्ला त्यांनीच २००८ मध्ये मागे घेतला, कारण लांबवून फायदा होतो असा पुरावा सापडेना. पण मागे घेतलेला सल्ला घराघरांतून मागे जायला पिढी लागते.

सरळ उलटा पुरावा आला २०१५ साली, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाकडून. लीप नावाची चाचणी. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, सगळी जोखमीची: तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजरे, लाल चट्टे येण्याचा आजार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दाणे द्यायचे, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत वर्ज्य. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना दाण्यांची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के.

आता आहारविहार यांच्या ‘किती’कडे. खाणाऱ्या गटाला आठवड्याला किमान ६ ग्रॅम दाण्याचं प्रथिन, तीन किंवा अधिक वेळांत विभागून, आणि तेही पाच वर्षं. दाण्यांत साधारण चौथा हिस्सा प्रथिन असतं. म्हणजे एका वेळी २ ग्रॅम प्रथिनासाठी ८ ग्रॅम दाणे, आठवड्यातून तीनदा. बोट चाटवून हे होत नाही.

या चाचणीची कल्पना निघाली ती इस्रायलमधल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या तुलनेतून. वंश तोच, पण ब्रिटनमध्ये दाण्यांची अ‍ॅलर्जी सुमारे दहापट. इस्रायलमध्ये बाळं सातव्या-आठव्या महिन्यापासून दाण्याचा कुरमुऱ्यासारखा विरघळणारा खाऊ चघळतात, ब्रिटनमध्ये वर्षभर दाण्याला शिवत नव्हती. आजीला हे सांगून पाहा. आकड्यांपेक्षा खाऊची गोष्ट लवकर पटते.

बालकडू

कूटप्रश्न यांनी सगळं नीट मांडलं आहे. एक भर: पत्रकात ‘दाण्याचं कूट द्या’ असं छापू नका. आपल्याकडे कूट म्हणजे खिचडीवर घालतो ते जाडसर, कोरडं. ते बाळाच्या श्वासात जाऊ शकतं. अख्खा किंवा अर्धा दाणा तर चार-पाच वर्षांपर्यंत नाहीच. बाजारच्या पीनट बटरचा घट्ट गोळाही टाळूला चिकटून बसतो. तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळींत, ठळक टाईपात.

वर्गात करून दाखवायची कृती:

दाणे मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजा. गार झाल्यावर चोळून पाखडा. मग निवडायला बसा, आणि हीच पायरी लोक गाळतात: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास असलेले, खवट दाणे फेकून द्या. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं आणि भाजून ते पुरेसं जात नाही. उरलेले दाणे मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा धरेल, कडा खरवडून फिरवत राहिलात की तेल सुटून सैल होईल. तिथे थांबा. चिमूट घेऊन दोन बोटांत चोळा. कण लागला तर पुन्हा फिरवा.

सपाट दोन चमचे (चमचा ५ मिलीचा) ही पेस्ट वाटीत घ्या, दोन-तीन चमचे कढत पाणी घालून घोटा, गार करा, मग नाचणीच्या सत्त्वात, मऊ वरणभातात किंवा केळ्यात कालवा. चमचा तिरका केल्यावर मिश्रण आपोआप ओघळलं पाहिजे. मीठ, साखर, गूळ नको. विकतची पेस्ट घेतलीत तर मागचं लेबल वाचा, काहींत मध असतो आणि मध एक वर्षाच्या आत चालत नाही.

उकडलेल्या शेंगांबद्दल हमखास विचारतात. उकडताना अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन काही प्रमाणात पाण्यात उतरतं, त्यामुळे वरचं माप त्यांना लागू नाही. भाजलेलेच वापरा.

रामरगाडा

पहिल्यांदा देताना सगळेच्या सगळे दोन चमचे? मसुद्यात पहिल्या दिवसाचं काहीच नाही. आणि ‘चमचा ५ मिलीचा’ म्हणजे कुठला? आमच्या गावाकडे चहाचा चमचा म्हणून जे असतं त्यात ३ पासून ७ मिलीपर्यंत काहीही मावतं.

बालकडू

@रामरगाडा, बरोबर पकडलंत. तापाच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलीची खूण असलेलं माप वापरा, ते घरोघरी असतं.

पहिला दिवस: बाळ ठणठणीत असलेला दिवस. ताप, जुलाब, सर्दीने बेजार असताना किंवा लस दिली त्या दिवशी नको, नंतर कशानं काय झालं ते कळत नाही. वेळ सकाळची, झोपेच्या तोंडावर नाही. घरात दुसरं मोठं माणूस असावं. चमच्याच्या टोकावर मावेल तेवढं द्या आणि १० मिनिटं थांबा. काही नाही, तर उरलेलं बाळाच्या नेहमीच्या गतीने. त्यानंतर दोन तास नजर ठेवा. वाटी संपली नाही तरी हरकत नाही, पुढच्या वेळी थोडं जास्त. एवढंच. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको.

दाणे कधीही दुधाच्या बाटलीत घालू नका. किती गेलं ते कळत नाही आणि भोक तुंबतं.

सटासट_शिंका

अंड्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण आपल्याकडे चूक ठरलेली आहे: ‘वर्षभर फक्त पिवळा बलक, पांढरा नंतर.’ अ‍ॅलर्जी आणणारी मुख्य प्रथिनं पांढऱ्यात असतात. नुसता बलक सहा महिने चारला तरी या कामासाठी उपयोग जवळजवळ शून्य.

पण दुसऱ्या टोकाला जाऊन कच्चं, अर्धकच्चं किंवा फेटून वरून घातलेलं अंडंही नको. कच्च्या अंड्याची पूड वापरलेल्या काही चाचण्यांत बऱ्याच बाळांना पहिल्याच घासाला रिअ‍ॅक्शन आली. याउलट जपानच्या पेटिट चाचणीत (२०१७) एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची ५० मिलिग्रॅम पूड रोज दिली, नवव्या महिन्यापासून २५० मिलिग्रॅम. वर्षाच्या वयाला अंड्याची अ‍ॅलर्जी ८ टक्के, न दिलेल्यांत ३८ टक्के. ५० मिलिग्रॅम पूड म्हणजे उकडलेलं अंडं जेमतेम ०.२ ग्रॅम! आणि त्या बाळांच्या एक्झिम्यावर त्याच वेळी चोख उपचार चालू होते, हे कोणी सांगत नाही.

वर्गासाठी: अंडं पाणी उकळायला लागल्यापासून १२ मिनिटं उकडा, पांढरं-पिवळं एकत्र कुस्करा, दोन थेंब पाण्याने किंवा आईच्या दुधाने सैल करा. पहिल्या दिवशी चण्याएवढं. मानवलं की वाढवत आठवड्याला एक लहान अंडं, दोन-तीन वेळांत.

शाकाहारी घरात अंडं, मासे चारायचा आग्रह नको. जे त्या घरात पुढे खाल्लं जाणार आहे तेच सुरू करायचं, कारण एकदा सुरू केल्यावर चालू ठेवावं लागतं.

यारा_काठची

परदेशातल्या पालकांसाठी एक मुद्दा. ‘आमच्या खानदानात कोणालाच दाण्यांची अ‍ॅलर्जी नाही, म्हणजे बाळ सुरक्षित’ हे इथे मेलबर्नला टिकत नाही. इथल्या हेल्थनट्स पाहणीत वर्षाच्या दहापैकी साधारण एका बाळाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची अ‍ॅलर्जी निघाली. त्याच पाहणीत पूर्व आशियातून आलेल्या आईवडिलांच्या, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाळांत दाण्यांची अ‍ॅलर्जी स्थानिक पालकांच्या बाळांपेक्षा जास्त होती, आईवडिलांत मात्र अ‍ॅलर्जी कमी. म्हणजे जीन्स बदललेले नाहीत, भोवताल बदलला. भारतीय पालकांना हे जसंच्या तसं लावू नये, पण ‘खानदान’ हा युक्तिवाद तरी गळून पडतो.

ऑस्ट्रेलियातला सल्ला सुटसुटीत आहे: सगळे नेहमीचे अ‍ॅलर्जीचे पदार्थ वर्षाच्या आत, आणि मानवलेला पदार्थ आठवड्यातून दोनदा चालू. तपासणीची अट नाही.

इथे आणि अमेरिकेत सगळे अ‍ॅलर्जीचे पदार्थ एकत्र केलेल्या पुड्या मिळतात. घेताना प्रत्येक पदार्थाचं प्रथिन किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. पुष्कळांत ते लीपच्या मापाच्या जवळपासही नसतं, आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर पुडीतल्या कुठल्या पदार्थाची, हे शोधत बसा.

रामरगाडा

तपासणीची अट नाही कशी? सगळीकडे अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीची पॅकेजं मिळतात. आधी एकदा रक्त तपासून घेतलं की निश्चिंत होऊन चारता येईल की.

सटासट_शिंका

तिथेच घोळ होतो. ती तपासणी रक्तात त्या पदार्थाविरुद्धची आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) आहे का एवढंच सांगते. आयजीई असूनही मजेत खाणारी मुलं भरपूर. पॅकेजमध्ये चाळीस पदार्थ तपासले की चार-पाच ‘पॉझिटिव्ह’ निघतात, घाबरून ते बंद होतात, आणि ज्या महिन्यांत खायला हवं होतं नेमक्या त्या महिन्यांत तोंड बंद राहतं. तपासणीनेच अ‍ॅलर्जीला वाट करून दिली, असा प्रकार.

अपवाद आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात तीन गट केले आहेत. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर दाण्यांपुरती तपासणी आधी करण्याचा सल्ला, आणि दाणे ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान. सौम्य-मध्यम एक्झिमा असेल तर तपासणीशिवाय घरीच, सहाव्या महिन्याच्या सुमारास. एक्झिमा नसेल तर घरच्या इतर अन्नाबरोबर. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी मिळून काढलेल्या निवेदनात पहिल्या गटालाही तपासणीची सक्ती ठेवलेली नाही. माझं मत: तीव्र एक्झिमावाल्यांनी पहिला घास डॉक्टरांकडे बसून द्यावा. पण तपासणीची तारीख दोन महिने पुढची मिळते म्हणून थांबून राहणं हे सगळ्यांत वाईट.

अबोली२२

सौम्य आणि तीव्र हे आईवडिलांनी कसं ठरवायचं? गालांवर लाली आणि कोरडे चट्टे तर कितीतरी बाळांना असतात.

बालकडू

वर्गात सांगायला ढोबळ खूण: साध्या मलमाने, पेट्रोलियम जेलीने आटोक्यात राहतो तो सौम्य. डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टिरॉइडचं मलम पुन्हा पुन्हा लागतं, रात्री खाजेने झोप मोडते, चट्टे अंगभर किंवा ओलसर आहेत, तो तीव्र. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवून ठरवा.

आणि एक्झिमा आधी आटोक्यात आणा, हे वेगळं सांगायला हवं. लॅक यांचा सिद्धांत असा की अन्नाचं प्रथिन फाटक्या कातडीतून शरीराला पहिल्यांदा भेटलं तर शरीर त्याला शत्रू मानतं, तोंडातून भेटलं तर ओळखीचा पाहुणा. घरात दाणे भाजले-कुटले जातात, हाताला, चादरीला, उशीला पूड असते. बाळाने खाल्लं नाही म्हणून बाळाची दाण्यांशी गाठ पडत नाही असं नाही. ती कातडीतून पडते.

आहारविहार

म्हणजे मग मालिश आणि डाळीच्या पिठाचं काय? हा प्रश्न वर्गात येणारच.

सटासट_शिंका

येऊ दे, उत्तर सरळ आहे. फुटलेल्या, लाल, चट्टे असलेल्या कातडीवर खाण्याची वस्तू चोळू नका. बेसन, मसुरीचं पीठ, साय, बदामाची पेस्ट, तिळाचं तेल, शेंगदाण्याचं तेल, सगळं आलं. ब्रिटनच्या २००३ च्या एका अभ्यासात शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं कातडीला लावलेल्या बाळांत दाण्यांची अ‍ॅलर्जी जास्त आढळली होती. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका साबणाने तोंड धुऊन मोठ्या माणसांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली, तीही दोन हजारांवर लोकांना. घरचं डाळीचं पीठ तेवढं घातक आहे असं म्हणत नाही. पण तत्त्व तेच, आणि पीठ खरखरीत असल्याने कातडी आणखी सोलवटते.

कातडी धडधाकट असेल तर आजीच्या मालिशीवर तुटून पडायची गरज नाही. फक्त हात धुवून. दाणे निवडता निवडता उठून बाळाला तेल लावायला बसायचं नाही. मलम डबीतून बोटाने न काढता स्वच्छ चमच्याने काढा. बाळाचं जेवण झाल्यावर तोंड-हात ओल्या फडक्याने पुसा. आणि पदार्थ कातडीला ‘लावून बघायची’ युक्ती पूर्ण बंद: मनगटावर पेस्ट चोळून काही कळत नाही.

कूटप्रश्न

रिअ‍ॅक्शनची ओळख अजून कोणी लिहिली नाही.

बालकडू

लिहितो. आधी जे अ‍ॅलर्जी नव्हे ते: टोमॅटो, लिंबू, पालक खाताना ओठांभोवती जिथे अन्न लागलं तेवढ्याच जागी सपाट लाली येते आणि अर्ध्या-एक तासात जाते. जेवणाआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की बहुतेक वेळा येतही नाही.

अ‍ॅलर्जी: काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. अन्न न लागलेल्या जागीही उठणाऱ्या गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलट्या. पदार्थ थांबवा, वेळ लिहा, पुरळाचा फोटो काढा, डॉक्टरांना कळवा. तो पदार्थ घरी पुन्हा करून बघायचा नाही. पण बाकीचे मानवलेले पदार्थ चालू.

गंभीर: श्वासात घरघर किंवा शिट्टी, खोकल्याची उबळ, आवाज बसणं, जीभ सुजणं, पांढरंफटक पडणं, अंग लुळं पडणं. बाळ बोलत नाही, म्हणून ‘एकदम गप्प, मलूल झालं’ हेही लक्षण धरा. आडवं ठेवा, खांद्यावर उभं धरून येरझारा नकोत. महाराष्ट्रात १०८ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. डॉक्टर वाचकांसाठी: १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधून किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ०.०८ मिली. झोप आणणारं जुनं अ‍ॅलर्जीचं सिरप पाजून वाट बघणं ही नेहमीची चूक. बाळ पेंगतंय ते औषधाने की रक्तदाब पडल्याने, हेच ओळखू येत नाही. नवा पदार्थ देण्याआधी ‘खबरदारी म्हणून’ ते सिरप पाजणंही तितकंच चूक.

एक सापळा तांदळाचा. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी पुन्हा पुन्हा उलट्या, बाळ फिकट आणि लुळं, पण गांधी नाहीत, सूज नाही. हा आतड्याचा वेगळा प्रकार आहे, त्यात रक्तातली आयजीई बहुधा नकारात्मक येते. भात, दूध, सोयाबीन यांनी तो होतो. पेजेवर कोणी संशय घेत नाही आणि दोनदा ‘पोट बिघडलं’ म्हणून सलाईन लागतं. एकाच पदार्थानंतर असं दोनदा झालं की डॉक्टरांना नेमकं तसं सांगा.

यारा_काठची

मासे राहिले. पापलेट किंवा सुरमई वाफवून, काटा बोटांनी चाचपून काढून, २५ ग्रॅमच्या आसपास आठवड्याला. सुका, खारवलेला नको.

सटासट_शिंका

आणि बांगडा, सुरमई, टूना ताजाच. बर्फाशिवाय राहिलेल्या या माशांत हिस्टामिन तयार होतं, शिजवून जात नाही, आणि खाणाऱ्याचं अंग लाल होऊन खाज सुटते. हुबेहूब अ‍ॅलर्जी वाटते. त्याच ताटातलं खाल्लेल्या मोठ्यांनाही तसंच झालं का, हा पहिला प्रश्न विचारायचा.

तीळही अख्खे देऊ नका, न पचता जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून तेल सुटेपर्यंत वाटा, अर्ध्या चमच्यापासून सुरुवात. काजूचीही पेस्टच, आणि दाणे मानवले म्हणजे काजू मानवेलच असं नाही, दाणा कडधान्याच्या कुळातला. काजूची अ‍ॅलर्जी निघाली तर पिस्ता मात्र विचारल्याशिवाय देऊ नका.

रामरगाडा

सहा-सात पदार्थ, प्रत्येक आठवड्यातून दोन-तीनदा. नोकरी करणारी आई हे करणार कधी?

कूटप्रश्न

शंका रास्त आहे. ब्रिटनच्या ईट चाचणीत (२०१६) तिसऱ्या महिन्यापासून सहा पदार्थ द्यायला सांगितले होते, तर सांगितल्याप्रमाणे निभावलं निम्म्याहून कमी घरांनी. सगळ्यांचा हिशेब धरला तर फरक ठोस दिसला नाही. ज्यांनी नेटाने दिलं त्यांच्यात अ‍ॅलर्जी ७.३ वरून २.४ टक्क्यांवर. त्यामुळे पत्रकात सहाच्या सहा एका रांगेत मांडू नका. गहू आणि दही आपल्याकडे आपोआप पोटात जातं, त्याला वेळापत्रक कशाला? लक्ष ठेवायचं ते दाण्यांवर, आणि खाणाऱ्या घरांत अंड्यावर. तीळ चटणीसारखे वाटून वरणात.

आहारविहार

मग असं करते. पत्रकाच्या मागच्या बाजूला फ्रिजवर लावायचा तक्ता, आठ आठवड्यांचा. सोमवार, बुधवार, शनिवार दाणे; मंगळवार, शुक्रवार अंडं; रविवारी तीळ. रोज फक्त खूण करायची. पेस्ट रविवारी एकदाच वाटून, झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडाभर. वर्गाच्या शेवटी मीच बोलत न बसता प्रत्येक घराला विचारणार: पहिल्या दिवशी किती देणार, मग किती मिनिटं थांबणार, काय दिसलं तर १०८? उत्तर आईकडून नको, बाळाला दिवसभर जो सांभाळतो त्याच्याकडून.

बालकडू

तक्त्यात एक रिकामी ओळ ठेवा: ‘आजारपणात खंड पडला, तारीख’. बाळ बरं झालं की त्याच मापाने पुन्हा सुरू. पण दोन-चार आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल आणि एक्झिमा असेल, तर पुन्हा चमच्याच्या टोकापासून आणि दहा मिनिटं थांबून.